यल्लाप्पाचा शनी

यल्लाप्पाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. कारखान्याची बस बंगळुरातल्या मत्तीकेरेच्या कोपऱ्यावर सहाच्या सुमाराला यायची, तेव्हा नोकरीसाठी पाचला उठून भागलं असतं. त्याआधीचा वेळ त्याचा स्वतःचा होता. तो अंधारातच तोंड धुवायचा. चहा ठेवायचा नाही, कारण भांड्याचा आवाज होतो. मागच्या दारानं अंगणात जायचा आणि लोखंडी शिडीनं गच्चीवर चढायचा.

शिडी त्यानंच केलेली होती, भंगारातल्या अँगलची. अगदी उभी. घराचा स्लॅब घातला त्या वर्षी पैसे संपले आणि जिना राहून गेला. "पुढच्या वर्षी जिना करूया की," असं तो तेव्हा म्हणाला होता. त्याची बायको महानंदा ते वाक्य कधी विसरली नाही. सुरुवातीला ती शिडीनं वर जायची, पापड घालायची. पण तिनं वर्षानुवर्षं जमिनीवर मांडी घालून अगरबत्त्या वळल्या होत्या. दोन मुलींच्या शाळा आणि लग्नं त्या काड्यांवर निघाली. त्यात गुडघे गेले. मग शिडी सुटली आणि स्वतःच्या घराची गच्ची तिला परकी झाली.

गच्चीवर यल्लाप्पाची दुर्बीण होती.

हा माणूस खानापूरकडचा. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि कारखान्यात दोन्ही. यशवंतपूरच्या पलीकडे यंत्रं बनवणारा मोठा कारखाना होता, तिथं तो पोरवयात लागला आणि तिथंच म्हातारा झाला. काम स्क्रेपिंगचं. लेथचा, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राचा, ओतीव लोखंडाचा बेड मशीननं कितीही घासला तरी पुरता सपाट होत नाही. सपाट प्लेटला निळा रंग लावून ती बेडवर फिरवायची. जिथं निळं लागेल तिथं उंचवटा आहे. तो हातातल्या स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा खरवड. खांदा दुखतो, कंबर धरते, आणि दिवसाच्या शेवटी डोळ्याला काही फरक दिसत नाही. फरक असतो. त्या फरकाचाच पगार मिळतो.

एकदा तपासणी विभागात त्यानं काचेची एक चकती पाहिली. सपाटी तपासायला ती वापरत. तिथल्या माणसानं सांगितलं, की ही काच तुझ्या कुठल्याही बेडपेक्षा सपाट आहे.

"कुठल्या मशीनवर केली?" यल्लाप्पानं विचारलं.

"शेवटचा हात मशीनचा नाही. माणसानं घासली आहे."

हे त्याला सहन झालं नाही. लोखंडापेक्षा काच सरस होते आणि ती करणारा कुणीतरी माणूस आहे, ही गोष्ट त्याच्या पायात काट्यासारखी रुतून बसली. त्यानं काचवाल्याकडून जाड काचेच्या दोन गोल चकत्या कापून आणल्या, अंगणात तेलाच्या पिंपावर त्यातली एक बसवली, आणि ओल्या भुकटीवर दुसरी घासायला लागला. पिंपाभोवती फिरत फिरत घासायचं, म्हणजे वरची काच सारखी खोलगट होत जाते आणि तिचा दुर्बिणीचा आरसा होतो. कामावरून आल्यावर, रविवारी, सणाला. शेजारीण महानंदाला म्हणाली, "अक्का, तुमचे यजमान पिंपाला प्रदक्षिणा का घालतात? नवस आहे काय?" महानंदा म्हणाली, "जिन्याचे पैसे पिंपात पडलेत, ते शोधूलायत."

आरसा झाला. मुलामा देऊन आणला. नळी लाकडी, बैठक लोखंडी. आभाळ ध्रुवताऱ्याभोवती फिरतं आणि बंगळूरला तो क्षितिजाच्या जरासाच वर असतो, म्हणून दुर्बीण ज्यावर फिरते तो आस जवळजवळ आडवा ठेवावा लागला. आभाळ सरकतं तसं दुर्बिणीनं सरकावं यासाठी त्यानं जुनं दातेरी चाक आणि एक हँडल लावलं. मोटर नव्हती. हँडल हातानं फिरवायचं, सावकाश, धक्का न देता. असं काम त्याच्या हाताला नवीन नव्हतं.

पहिल्यांदा शनी दिसला त्या पहाटे तो शिडीवरून घाईनं उतरला आणि त्यानं महानंदाला उठवलं.

"गोळा हाय. त्याच्याभोवती कडं हाय. कडं कुठंच टेकलेलं न्हाई."

"टेकल्याशिवाय राहील कसं?"

"राहतंय की. बघितलं मी."

"तुम्ही बघितलं. मी कशी बघू?"

त्यानं एकदा तिला पाठीवर घेऊन शिडी चढायचं ठरवलं. ती म्हणाली, "दोघं मिळून वर जाऊ, पण गच्चीवर न्हाई, थेट शनीकडं." विषय तिथंच संपला. पण त्याच्या मनातून गेला नाही. दर पहाटे वर काहीतरी चांगलं दिसायचं आणि खाली ती झोपलेली असायची. आपण एकट्यानं खातोय असं त्याला वाटायचं.

श्रीरंग भेटला तो याच दिवसांत. हा पुण्याचा मुलगा व्हाइटफील्डला संगणकाच्या कंपनीत होता आणि जे. पी. नगरला राहायचा. दुर्बिणी करणारी हौशी माणसं रविवारी जमत, तिथं त्यानं यल्लाप्पाचं मराठी ऐकलं आणि येऊन शेजारी बसला. त्याच्याकडे एक वेबकॅम होता, लिंबाएवढा. अमेरिकेतल्या बहिणीशी बोलताना ती दिसावी म्हणून घेतलेला. पण इंटरनेट इतकं संथ, की बहीण दर वाक्याला तोंड उघडं ठेवून थिजायची. परदेशात लोक त्या कॅमेऱ्याचं भिंग काढून तो दुर्बिणीला लावतात, असं त्यानं वाचलं होतं. त्याच्याकडे दुर्बीण नव्हती, यल्लाप्पाकडे संगणक नव्हता.

"काका, यात चित्र साठतं," श्रीरंग म्हणाला. "नंतर कुणालाही, कुठेही दाखवता येतं."

"खाली नेता येईल?"

"खाली म्हणजे?"

"गच्चीवरून खाली."

"अहो, अमेरिकेला पाठवता येईल."

"अमेरिका नको. खाली आलं की बास."

ही एकोणीसशे नव्व्याण्णवची गोष्ट. त्या वर्षी पावसाळा सरताना शनी पहाटे बरोबर डोक्यावर यायचा. डोक्यावरच्या ग्रहाचा उजेड सगळ्यात कमी हवेतून येतो, त्यामुळे चित्र कमी थरथरतं. यापेक्षा बरी जागा शनीला मिळणार नव्हती. पण वेळ थोडा होता. नव्या सालाच्या आकड्यानं संगणक बंद पडतील अशी भीती तेव्हा जगभर होती, आणि त्या कामासाठी श्रीरंगला दिवाळीला अमेरिकेला जायचं होतं. त्याच्याबरोबर कॅमेराही जाणार, संगणकही विकला जाणार. आणि यल्लाप्पा नोव्हेंबरअखेर निवृत्त होणार होता.

शनिवारी संध्याकाळी श्रीरंग रिक्षातून संगणक घेऊन यायचा. पडदा भलता जड. तो गोधडीत गुंडाळून दोरीनं गच्चीवर ओढायचा. श्रीरंग वरून ओढायचा, यल्लाप्पा खालून आधार द्यायचा, आणि महानंदा दारात उभी राहून बोलायची.

"लोक शनिवारी तेल वाहून शनीला लांब ठेवतात. हे दोघं दोरी लावून त्याला घरात ओढूलायत."

"अक्का, साडेसाती लागली तर माझ्या नावावर घाला," श्रीरंग वरून ओरडायचा.

"तुझी कशाला, तम्मा? माझी चालूच हाय. लग्नापासून."

कॅमेरा दुर्बिणीत बसवायला कुठलाही भाग बाजारात मिळत नव्हता. फोटोचं रीळ ज्या प्लास्टिकच्या डबीत येतं ती डबी दुर्बिणीच्या नळीत नेमकी बसते, हे श्रीरंगला माहीत होतं. डबीचा तळ कापून यल्लाप्पानं ती कॅमेऱ्याला अशी जोडली, की टॉर्चचा उजेडही फटीतून आत जाईना.

पहिल्या रविवारी सकाळी सगळं खाली आणलं, पडदा महानंदाच्या समोर पाटावर ठेवला आणि चित्र लावलं.

तिनं मान वाकडी करून पाहिलं. "हा समोसा हाय."

"अक्का, शनी आहे तो."

"असंल. पण समोसा झालाय त्याचा. ह्या टोकाला जरा करपलाय बघ."

हसले तिघंही. पण यल्लाप्पा कमी हसला.

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही. कधी ढग, कधी वारा, आणि आभाळ मोकळं मिळालं की समोसा. स्लॅब दिवसभर तापतो आणि त्याची हवा वर येते, म्हणून यल्लाप्पानं संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून पाहिलं. दुर्बीण रात्रभर बाहेर ठेवून थंड केली. श्रीरंगनं कॅमेरा उघडून पुसला, तारा बदलल्या. हँडलच्या दात्यात धक्का असेल म्हणून यल्लाप्पानं चाक काढून पुन्हा घासलं. चित्र थोडं सुधारलं, पण कडं गोळ्यापासून सुटेना. चांगल्या दुर्बिणीत कड्याच्या मधोमध काळी फट दिसते. ती तर दूरच राहिली.

मग एका पहाटे श्रीरंगच्या तोंडून गेलं, "काका, आरशातच खोट असेल का?"

यल्लाप्पानं हँडल सोडलं. शनी पडद्यावरून सरकत बाहेर गेला.

"माझ्या आरशात खोट असंल तर मी सांगीन, श्रीरंगराव. खेळण्यातल्या कॅमेऱ्यानं सांगायचं कारण न्हाई."

"खेळणं आहे हे मान्य. पण कोपरे कॅमेऱ्याला कुठून येतील?"

"मग मला कुठून येतील? हाडं झिजवलीत मी त्या काचेवर."

श्रीरंग चहा न घेता पहिल्या बसनं गेला. संगणक तिथंच राहिला. महानंदानं चहा ओतलेले दोन कप पाहिले आणि दोन्ही नवऱ्यापुढे ठेवले. "प्या. एक तुमचा, एक रागाचा."

त्या आठवड्यात यल्लाप्पा कारखान्यात कुणाशी नीट बोलला नाही. आरशात खोट असेल तर पुन्हा पिंपावर, पुन्हा पहिल्यापासून. कष्टाला तो भीत नव्हता. पण दिवाळीच्या आत ते होणं शक्य नव्हतं. दिवाळीनंतर कॅमेरा नाही, म्हणजे शनी वरच राहणार आणि महानंदा खाली.

शनिवारी श्रीरंग पुन्हा आला. हातात छापलेला एक कागद होता.

"भांडायला आलो नाही," तो म्हणाला. "गेल्या वेळी एक तारा टिपला होता, मुद्दाम अस्पष्ट करून; त्याची फ्लॉपी माझ्या खिशातच राहिली होती. अस्पष्ट तारा गोल दिसायला पाहिजे. हा बघा. कोपरे तीनच आहेत, आणि सारख्या अंतरावर आहेत. तीनच का, ते काही मला कळत नाही. चार दिवस डोकं खाल्लं."

यल्लाप्पानं कागद उजेडाकडे धरला. मग त्याचा हात आपोआप डाव्या गालाकडे गेला.

शिकाऊ असताना त्याला लेथवर घातलं होतं, भीमाचार्य मेस्त्रींच्या हाताखाली. एकदा पातळ भिंतीची एक कडी आतून गोल करायला दिली. चकाचे, म्हणजे वस्तू धरणाऱ्या पकडीचे, तीन जबडे त्यानं जीव खाऊन आवळले, कडी हलू नये म्हणून. चकावर असताना मापलं तर कडी तंतोतंत गोल. सोडवली तर तीन कोपऱ्यांची. जबड्यांनी दाबून धरली होती तोवर वाकलेली होती, आणि तो त्या वाकलेल्या कडीला गोल करत बसला होता. मेस्त्रींनी कडी हातात घेतली, आणि एक थोबाडीत दिली. "पातळ वस्तूला गळा धरून न्यायचं नसतं," ते म्हणाले होते.

त्यानंतर सगळा जन्म जाड लोखंडात गेला. तिथं नियम एकच, जे ढिलं ते वाया. बोल्ट कुरकुरेपर्यंत आवळायचा. आणि त्याच हातांनी त्यानं दुर्बिणीतल्या आरशावर तीन पकडी बसवल्या होत्या, पाना कुरकुरेपर्यंत आवळल्या होत्या, वर स्क्रू फिरू नयेत म्हणून रंगाचा ठिपकाही दिला होता. आरसा जाड काचेचा असला तरी आरशाच्या मानानं तो पातळच होता.

"आरशात खोट न्हाई," तो म्हणाला. "माझ्यात हाय. चला वर."

त्यानं पाना लावला आणि पहिला स्क्रू सोडला. रंगाचा ठिपका फुटला. पकडीखालून पोस्टकार्ड सहज सरकेल इतकं तिन्ही ढिलं केलं. नळी हलवली तर आतून काचेचा बारीक खडखड आवाज आला. असं काम कुणी त्याच्यासमोर ठेवलं असतं तर त्यानं ते परत पाठवलं असतं.

"हे असंच ठेवायचं?" श्रीरंगनं विचारलं.

"असंच. आता ह्यो दर येळी जागा सोडणार. दर येळी जुळवून घ्यायचा."

आधी तो चारला उठायचा. साडेतीनला उठणं सुरू झालं ते या ढिल्या काचेमुळे. रोज पहाटे अंधारात मागचे स्क्रू हळूहळू फिरवून आरसा मार्गावर आणायचा, मगच आभाळ. एकदा आवळून कायमचं मोकळं होण्याची सवय असलेल्या माणसानं, रोज नव्यानं जुळवायचं काम अंगावर घेतलं आणि कुरकुर केली नाही.

दिवाळीआधी एक रविवार असा आला, की रात्री पाऊस पडून गेलेला, वारा मेलेला, शेजारच्या नारळाची झावळीही हलत नव्हती. तारे लुकलुकत नव्हते. यल्लाप्पानं हँडलवर फक्त दोन बोटं ठेवली. श्रीरंग पडद्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "काका, हात थांबवू नका."

"थांबवतोय कोण?"

मशिदीची बांग झाली, दूधवाला आला, आभाळ फिकट झालं. तोवर त्यांनी साठवता येईल तेवढं साठवून घेतलं होतं.

आता पुढचं काम श्रीरंगचं होतं. वेबकॅम एक चित्र घेत नाही, शेकडो घेतो. त्यातली बहुतेक हवेनं लडबडलेली असतात. मधूनच एखाद्या क्षणाला हवा थबकते, ते चित्र रेखीव येतं. अशी रेखीव तेवढी निवडायची आणि एकावर एक बसवायची, म्हणजे कमी जास्त निघून जातं आणि खरं तेवढं उरतं. बसवायचं काम करायला श्रीरंगनं स्वतः छोटा प्रोग्राम लिहिला होता, ऑफिसच्या कामानंतर जागून. पण निवड डोळ्यानंच करायची होती. तो खाली चटईवर बसून एकेक चित्र पाहत राहिला. दुपारपर्यंत त्याचे डोळे लाल झाले.

महानंदा अवलक्कीची, म्हणजे पोह्यांची ताटली घेऊन आली आणि शेजारी खुर्चीवर टेकली. पडद्यावरची चित्रं पाहिली. मग म्हणाली, "ते टाक. फुगलंय."

श्रीरंगनं टाकलं.

"हे ठेव. आता आलं ते न्हाई, त्याच्या आधीचं."

जाड काडी, वाकडी काडी, कमी मसाल्याची काडी बाजूला काढत तिचा जन्म गेला होता. श्रीरंगनं बटण तिच्या तालावर दाबायला सुरुवात केली. ताटली तशीच राहिली. पडद्यावर शनी थरथरायचा, पसरायचा, क्षणभर लखलखीत व्हायचा, पुन्हा विरघळायचा. "ठेव. टाक. टाक. ठेव की, झोपलास काय?" यल्लाप्पा दारात उभा राहून बघत होता. त्याला मध्ये बोलायला जागाच नव्हती.

संध्याकाळी सगळी निवडलेली चित्रं एकावर एक बसली. गोळा वेगळा, कडं वेगळं. गोळ्यावर फिकट पट्टा. आणि कड्याच्या मधोमध, केसाएवढी, काळी फट.

यल्लाप्पा खाली वाकला. बेडवरचं निळं तपासावं तसं त्यानं ते तिरक्या नजरेनं पाहिलं. मग बायकोकडे वळला.

"समोसा?"

"न्हाई हो. शनी हाय." ती खूप वेळ पाहत राहिली. "चांगलं केलंत दोघांनी. कॅलेंडरवर शोभंल." मग थांबून म्हणाली, "पण हे गप्प हाय. मघाशी निवडताना हलत होतं, जिवंत वाटत होतं. वर तसंच हलतंय?"

"तसंच. पण बारीक, आणि..." त्यानं बोट वर केलं. "समोर असतंय."

"मग मला तेच बघायचं हाय."

उघड्या मागच्या दारातून शिडी दिसत होती.

श्रीरंग दिवाळीला गेला. जाताना चित्राची एक प्रत महानंदाला देऊन गेला, आणि एस. पी. रोडवरच्या ओळखीच्या दुकानदाराचा पत्ता यल्लाप्पाला. निवृत्तीच्या पैशातून संगणक घ्यायचा, तसाच कॅमेरा मागवायचा, पुढच्या मोसमात गुरू धरायचा, हे कधीच ठरलेलं होतं. कारखान्यातही सगळ्यांना सांगून झालं होतं.

निवृत्तीनंतरच्या सोमवारी यल्लाप्पा साडेतीनलाच उठला. दुर्बिणीकडे गेला नाही. टॉर्च आणि टेप घेऊन अंगणात उतरला आणि उजाडेपर्यंत मापं घेत बसला. सकाळी गवंडी आला.

"एवढी बुटकी पायरी कोण करतं, अण्णा?" गवंडी म्हणाला. "देवळालासुद्धा नसते. निम्मं अंगण खाईल जिना."

"खाऊ दे."

"आणि तुळस?"

"ती पण सरकंल. ढिली करून ठेवलीय."

पायरी चढली की यल्लाप्पा लेव्हल लावायचा. दोन पायऱ्या त्यानं फोडायला लावल्या. गवंडी चिडला, "डोळ्याला काय फरक दिसतो?" यल्लाप्पा म्हणाला, "डोळ्याला न्हाई. गुडघ्याला कळंल."

डिसेंबर सरता सरता जिना वाळला. आता शनी संध्याकाळीच वर यायचा. दिवेलागणीनंतर महानंदा एक हात कठड्यावर आणि एक नवऱ्याच्या खांद्यावर ठेवून चढली. मध्ये एकदा बसली. वर आल्यावर आधी चारी बाजूंनी आपली गच्ची पाहिली आणि म्हणाली, "केवढी घाण केलीय हो." मग स्टुलावर बसून डोळा लावला.

यल्लाप्पानं हँडलवर दोन बोटं ठेवली.

डोळा न काढता ती म्हणाली, "टेकलेलं न्हाई कुठंच."

"सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. हँडल सोडू नका."

संगणक काही आला नाही. एवढ्या वर्षांच्या खरवडीचा जो फंड मिळाला, त्यातून बुटक्या पायऱ्यांचा जिना झाला, हाताला गुळगुळीत लागेल असा घासलेला कठडा झाला, आणि वर महानंदाला बसायला सिमेंटचा एक कट्टा झाला.